हंगामाच्या सणातला भोपळा : आपण देवाची पसंती शोधतो की माणसांची, हे ओळखावे कसे?

प्रश्न : वानवडीकर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट इथे मांडते आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणासमोर ती बोलण्याचे धैर्य मला झालेले नाही, आणि ते का झाले नाही याचे उत्तर बहुधा माझ्या प्रश्नातच आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे हंगामाचा सण झाला. आमच्यापैकी कोणाचीही आता शेती नाही. त्यामुळे आदल्या दिवशी मार्केट यार्डातून भाजी आणायची, ती वेदीपुढे मांडायची आणि हा आमच्या हातचा पहिला उपज म्हणायचे, असा पुण्यातला रिवाज आहे. भक्ती संपल्यावर या वस्तूंचा लिलाव होतो व जमलेली रक्कम मंडळीच्या कामासाठी जाते. यंदा एका तांबड्या भोपळ्यावर बोली सुरू झाली. बाजारात तो फार तर साठ रुपयांना मिळाला असता. पाचशेपर्यंत सगळे हसत होते. त्यानंतर मी आणि दुसऱ्या एका घरातल्या वहिनी अशा दोघीच उरलो. त्यांच्या आणि आमच्या घराण्यात वेदीच्या फुलांपासून नाताळच्या नाटकापर्यंत प्रत्येक बाबतीत जुनी चढाओढ आहे. त्या चार हजार म्हणाल्या आणि मी पाच हजार एकशे म्हणाले. माइकवरून माझे नाव दोनदा पुकारले गेले, टाळ्या झाल्या, आणि तरुण संघातल्या एका मुलाने तो भोपळा माझ्या मांडीवर आणून ठेवला. त्याच्या देठाजवळ अजून माती होती, ती माझ्या साडीला लागली, आणि ती झटकण्याचेही मला भान नव्हते. त्या रात्री मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या फोटोखाली मी त्रेचाळीस अंगठे मोजले. त्याहून वाईट म्हणजे, कोणाचा आला नाही हेही मी पाहिले.

सोमवारी सकाळी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी मुलाच्या क्लासच्या फीसाठी आठशे रुपये उचल मागितली आणि मी "महिनाअखेरीस बघू" असे म्हणाले. ओट्यावर भोपळा तसाच होता. माझी नऊ वर्षांची मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहून दप्तर भरायला आत निघून गेली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मी खराडीत एका कंपनीत नोकरी करते. आमचे आडनाव गावावरून आलेले असल्यामुळे मी ख्रिस्ती आहे हे तिथे सहा वर्षांत कोणाच्या लक्षात आलेले नाही, आणि मीही ते येऊ दिलेले नाही. डबा उघडताना घरी मान खाली घालून प्रार्थना करणारी मी, तिथे मोबाइलमध्ये काही पाहते आहे असे दाखवून मनातल्या मनात दोन शब्द उरकते. मंडळीत मी नसलेली भक्ती दाखवते आणि कचेरीत असलेली लपवते. दोन्ही ठिकाणी मला माणसेच दिसत असतात.

एकाच डोंगरावरील प्रवचनात येशू एकदा सांगतो की तुमचा प्रकाश माणसांसमोर पडू द्या, म्हणजे ती तुमची सत्कर्मे पाहतील (मत्तय ५:१६), आणि पुढच्याच अध्यायात सांगतो की माणसांनी पाहावे म्हणून आपले धर्माचरण त्यांच्यासमोर करू नका (मत्तय ६:१). यांपैकी मी कोणते पाळू? लिलावात बोली लावणे, गायनात पुढे उभे राहणे, शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवणे हे सगळे सोडून मागच्या बाकावर बसावे काय? की तेही "पाहा, किती नम्र झाली" असे ऐकण्यासाठीच ठरेल?

उत्तर : निवृत्त पाळक

ताई, आपण दोन्ही आजार शेजारीशेजारी मांडलेत, त्यामुळे दोन वचनांचा मेळ आपोआपच बसतो आहे. पाचव्या अध्यायातील ते वाक्य कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. त्याच्या आधीच्याच ओळींत छळ, निंदा आणि खोटे आरोप यांचा उल्लेख आहे. अशा परिस्थितीत माणसाला दिवा मापाखाली झाकून ठेवण्याचा मोह होतो, म्हणून तिथे दिवा दिवठणीवर ठेवण्याची आज्ञा आहे. सहाव्या अध्यायातला माणूस सभास्थानात आणि चौकात उभा आहे. तिथे धार्मिकतेला मान आहे, म्हणून तिथला मोह उलटा आहे. जुन्या भाष्यकारांनी यावर सोपा तोडगा सांगितला आहे : लपवावेसे वाटते तिथे दाखवावे, दाखवावेसे वाटते तिथे लपवावे. आपल्यासाठी पाचवा अध्याय खराडीत लागू आहे आणि सहावा वानवडीत.

सहाव्या अध्यायात ढोंग्यांविषयी "त्यांना आपले प्रतिफळ मिळाले आहे" असे येशू तीनदा म्हणतो : दानाविषयी, प्रार्थनेविषयी आणि उपासाविषयी. तेथील मूळ ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर आढळते. आपल्याकडे पावतीवर "रक्कम भरून पावलो" असे लिहीत, अगदी तसाच त्याचा उपयोग होता. आपण त्रेचाळीस अंगठे मोजलेत तेव्हा पावती फाटली. व्यवहार चोख झाला, कोणी कोणाचे देणे राहिले नाही. हे मी आपल्याला टोचण्यासाठी लिहीत नाही, कारण अशा पावत्यांचा गठ्ठा माझ्याकडेही आहे. सेवेच्या काळात दर रविवारी भक्तीनंतर मी दाराशी उभा राहून हस्तांदोलन करीत असे आणि "पाळकसाहेब, आजचा उपदेश मनाला भिडला" हे वाक्य किती जण म्हणतात याकडे माझा कान असे. एका रविवारी मुसळधार पाऊस आला, माणसे छत्र्या उघडून धावत रिक्षांकडे गेली आणि दाराशी कोणी थांबलेच नाही. मी स्कूटरवर बसलो तो उपदेश फसला अशी खात्री बाळगूनच. वास्तविक अर्ध्या तासापूर्वी व्यासपीठावर मला तो देवाचा संदेश वाटत होता. या दरम्यान बदलले होते ते फक्त हवामान.

आता देवाच्या पसंतीविषयी. ती मिळवायची असते असे आपण धरून चालतो, आणि त्यामुळे देवालाही आपण लिलावातल्या श्रोत्यांत बसवतो, फक्त जरा पुढच्या खुर्चीवर. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा "हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे" अशी वाणी झाली (मत्तय ३:१७). त्या क्षणापर्यंत मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने एकही उपदेश केलेला नाही, एकही रोगी बरा केलेला नाही. पसंती आधी आली, काम नंतर. लगेच पुढच्या अध्यायात सैतान त्याला मंदिराच्या शिरोभागी नेऊन उडी टाकायला सांगतो. सगळ्या यरुशलेमेने टाळ्या वाजवल्या असत्या. त्याला त्या नको होत्या, कारण जे ऐकायचे ते त्याने नदीवरच ऐकले होते. ख्रिस्तामध्ये आपल्यालाही तेच स्वीकारलेपण दिलेले आहे, अशी आपली श्रद्धा आहे. ज्याचे पोट घरी भरले आहे तो लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटासाठी धडपडत नाही.

मागच्या बाकाविषयी आपण स्वतःच उत्तर दिले आहे. आपले सर्व हेतू गाळून शुद्ध झाल्यावरच सेवा करीन असे म्हणाल तर भोपळा कुजून जाईल. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की तुम्ही माझा न्याय केलात तरी मला त्याचे फारसे काही वाटत नाही, आणि मी स्वतःही स्वतःचा न्याय करीत नाही (१ करिंथ ४:३-४). या वाक्याचा दुसरा भाग आपण विसरतो. स्वतःच्या मनाची सतत झडती घेत बसणे हीदेखील स्वतःकडे पाहत राहण्याचीच एक तऱ्हा आहे. शिकवत राहा, गात राहा. मावशींचे आठशे रुपये मात्र आजच द्या, आणि ते दिल्याचे कृपया इथे लिहू नका.

उत्तर : खडकीचा खजिनदार

पाळकसाहेबांच्या विवेचनाला मान देऊन मी थोडा विरोध नोंदवतो. मंडळीचे पैसे अनेक वर्षे मोजल्यावर माझे असे मत झाले आहे की माणसांची वाहवा हवी असणाऱ्यांनी मंडळीचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक "मी फक्त देवाला उत्तर देईन" म्हणणाऱ्यांनी केले आहे. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो तिथे छपराच्या दुरुस्तीची बिले एका जबाबदार गृहस्थांकडे मागितली असता त्यांनी हात वर करून "माझा हिशेब वर लिहिला जातो" असे उत्तर दिले. सभेत दोन भगिनींनी "आमेन" म्हटले. बिले मात्र आजतागायत आली नाहीत.

यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा ती पोहोचवायला तो एकटा निघाला नाही. त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही होता, आणि या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, असे कारण त्याने स्वच्छ लिहिले आहे. पुढे तो म्हणतो की जे केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य, ते करण्याकडे आमचे लक्ष आहे (२ करिंथ ८:२०-२१). गलतीकरांना "मी माणसांना खूश करू पाहिले असते तर ख्रिस्ताचा दास नसतो" असे बजावणारा हाच पौल (गलती १:१०), आणि "मी सर्वांना सर्व गोष्टींत संतोष देतो" असे लिहिणाराही तोच (१ करिंथ १०:३३), आणि तिथे त्याने कारण जोडले आहे की हे मी स्वतःचे नव्हे तर पुष्कळांचे हित पाहून करतो. गलतीमध्ये माणसांना खूश करण्याची किंमत शुभवर्तमान होती, कारण सुंता केल्याशिवाय परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, पूर्ण ख्रिस्ती मानायचे नाही असा तिथे आग्रह चालला होता. करिंथमध्ये किंमत होती ती पौलाच्या स्वतःच्या सोयीची. आपले काय जाते आहे, सत्य की सोय, एवढे पाहिले तरी पुष्कळसा गोंधळ मिटतो.

ताईंसाठी जाता जाता एक घरची गोष्ट. लिलावात मोठ्याने बोललेल्या रकमांपैकी काही वर्षभर आमच्या वहीत "येणे" या सदराखाली पडून असतात. आठवण करायला गेले की माणसे रागावतात. तुम्ही पाच हजार एकशे भरले असतील तर तुमचा भोपळा निदान हिशेबात तरी प्रामाणिक आहे.

उत्तर : केडगावची लेक

माझी आजी पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे हा विषय निघाला की मला त्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे उदाहरण देताना आपण बहुतेक वेळा अर्धेच देतो. १८७८ साली कलकत्त्यात "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या मिळालेल्या, १८८२ मध्ये पुण्यात येऊन आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या या बाईंचे पुण्याच्या सुधारक मंडळींना केवढे कौतुक होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या कौतुकाचा मोठा भाग ओसरला. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एवढा भाग आपल्या उपदेशांत येतो.

न येणारा भाग असा की, इंग्लंडमध्ये त्यांना आसरा देणाऱ्या अँग्लिकन पंथाच्या भगिनी (नन) आणि धर्माधिकारी यांच्याशीही त्यांचे खटके उडाले. ज्या सिद्धान्तांविषयी त्यांची स्वतःची खात्री पटली नव्हती, ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले. पुण्याची नाराजी पत्करणे कठीण होतेच, परंतु ज्यांच्या घरी आपण जेवतो, ज्यांनी आपल्याला बाप्तिस्मा दिला, त्यांची नाराजी पत्करणे मला त्याहून कठीण वाटते. वानवडीच्या ताई कचेरीतल्या लोकांना भितात, पण मंडळीतल्या आपल्याच माणसांना भिणे जास्त चिवट असते, कारण त्याला आपण भक्ती म्हणतो.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. गावातल्या साध्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी भाषा मुद्दाम सोपी ठेवली. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या त्याच्या थोडेच आधी ते पुरे झाले होते. ते भाषांतर आज आपल्या मंडळ्यांच्या भक्तीत सहसा वाचले जात नाही. माझ्या आजीकडे त्याची एक प्रत होती. तिची पाने इतकी ठिसूळ झाली होती की ती आम्हाला हात लावू देत नसे. स्वतः मात्र बोटाला थुंकी न लावता, नखाने अलगद पान उलटून रोज वाचायची. एवढ्या श्रमाला मिळालेला माझ्या पाहण्यातला वाचकवर्ग म्हणजे ही एक म्हातारी.

उत्तर : पेठेतला

रानड्यांचे नाव निघाले म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द. मी गुरुवार पेठेत, पंचहौदच्या चर्चजवळ वाढलो. १८९० साली याच मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा दिला गेला, आलेल्यांत रानडे होते, टिळकही होते, आणि त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आल्यावर, ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि पुष्कळांनी त्यांना भित्रे ठरवले. बहिष्काराने ज्यांची घरे अडचणीत आली होती अशा मित्रांची सुटका व्हावी, हे त्यामागचे कारण होते.

हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते, त्यामुळे त्यांना आपल्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. पण खजिनदारांनी सांगितलेल्या कसोटीवर त्यांनी सत्य सोडले की सोय, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि याकोबाकडची यहुदी माणसे येताच पंक्तीतून उठून गेला (गलती २:११-१४). तिथे निकाल सोपा आहे, कारण पेत्राच्या उठण्याने ताटावर बसलेल्यांचा अपमान झाला. आपल्या नमण्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागते. नाहीतर घरात सासूबाईंशी जुळवून घेणारी प्रत्येक सून माणसांना खूश करणारी ठरेल.

उत्तर : तरुण संघ, दापोडी

पाळकसाहेबांनी सांगितलेली पावतीची गोष्ट आमच्या उपासनेच्या व्हिडिओंना तंतोतंत लागू पडते. मागच्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा आपल्याकडे वळला आहे हे माझ्या लक्षात आले आणि माझे हात आपोआप थोडे अधिक वर गेले. ते मी नंतर पडद्यावर पाहिले. आता मी कॅमेऱ्यामागे उभा राहण्याचे काम मागून घेतले आहे. वानवडीच्या ताईंनी मागच्या बाकाविषयी जे विचारले आहे तो धोका यातही आहे, हे मला मान्य आहे.

वानवडीकर

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांनी जे लिहू नका म्हटले आहे ते लिहीत नाही.

केडगावच्या ताईंचे एक वाक्य मला दोन दिवस सोडत नव्हते. त्यामुळे पुढच्या वर्षी बोलीऐवजी बंद पाकिटे ठेवावीत असे मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत सुचवून पाहिले. उत्पन्न निम्म्याने घटेल, असे उत्तर मिळाले, आणि ते बहुधा खरे आहे. खजिनदारसाहेबांनी यावर काही मार्ग सुचवावा. चर्चा सुरू असताना त्या वहिनीच एकट्या माझ्या बाजूने बोलल्या. आम्ही दोघीही जरा गडबडलो.

कचेरीत अजून काही सांगितलेले नाही. काल मात्र भोपळ्याचे घारगे डब्यात नेले होते. शेजारच्या मैत्रिणीने आज काय विशेष असे विचारले, तेव्हा हा भोपळा आमच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणातला आहे असे मी म्हणाले. तिने दोन घारगे घेतले आणि भोपळा केवढ्याला पडला असे विचारले. किंमत मी सांगितली नाही.